संगणकावरील पाळत व खाजगीपणाचे रक्षण
(इयत्ता ५ वी ते ७ वीच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

विषयप्रवेश

मुलास अक्षरओळख करून देण्यामागे प्राथमिक शिक्षणाचा एक व्यावहारिक हेतू पूर्वीपासून राहिलेला आहे. निरक्षर माणसास कागदावर काय लिहिले आहे हे कळत नसे. सावकाराने पुढे केलेल्या खतावर तो अंगठा उठवी आणि पुढे जमीन हातची गेली म्हणजे नशिबाला बोल लावी. करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्यापासून रयतेस जे अनेक लाभ झाले, त्यांत आपल्यापुढील कागद आपणच वाचता येणे हा लाभ लहान नव्हता.

आज पुष्कळशा कागदांची जागा पडद्याने घेतली आहे. चंदगडच्या डोंगराळ भागापासून शिरोळच्या नदीकाठापर्यंत मोबाईल घरोघरी पोचला आहे. मूल त्यावर गोष्ट ऐकते, पालक उसाच्या बिलाची चौकशी करतो, शिक्षक विद्यार्थ्यांची माहिती भरतो. नवे ॲप उघडताच पडद्यावर लांबलचक मजकूर येतो, त्याखाली 'मान्य आहे' असे बटण असते, आणि पदवीधर माणूसदेखील तो मजकूर न वाचता त्यावर बोट ठेवून मोकळा होतो. हा नव्या काळातील अंगठाच होय. आपण कशास संमती दिली, आपली कोणती माहिती कोणाकडे गेली आणि तिचे पुढे काय होणार, याची जाणीव नसेल तर साक्षरतेचे काम अपुरे राहिले असे म्हणावे लागेल. यास्तव या पाठात संगणक व मोबाईल यांवरील पाळत, हेरगिरी करणाऱ्या आज्ञावल्या आणि त्यांपासून रक्षण करण्याचे उपाय यांचा विचार केला आहे.

कोल्हापुरापर्यंत आलेले एक प्रकरण

संगणकावरील हल्ले दूरच्या देशांत व मोठ्या शहरांत होतात, खेड्यापाड्यांशी त्यांचा संबंध नाही, असा समज आढळतो. तो दूर करण्यास पुढील प्रकरण पुरेसे आहे.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी बँक होय. शनिवार, दि. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, बँकेस सुट्टी असताना, तिच्या कार्डांच्या बनावट प्रती वापरून जगातील २८ देशांतील एटीएम यंत्रांतून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातील निरनिराळ्या गावांतून आणखी सुमारे अडीच कोटी रुपये काढण्यात आले. सोमवार, दि. १३ ऑगस्ट रोजी जवळजवळ १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळते झाले. एकूण नुकसान ९४ कोटींहून अधिक झाले. देशात काढल्या गेलेल्या रकमेपैकी सुमारे ८९ लाख रुपये एकट्या कोल्हापुरातील एटीएम यंत्रांतून ९५ बनावट कार्डांच्या साहाय्याने काढले गेल्याचे तपासात आढळले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ आरोपींना दोषी ठरविले.

हे कसे घडले, हे समजून घेणे उद्बोधक आहे. ग्राहकाने यंत्रात कार्ड घातले म्हणजे ते यंत्र बँकेकडे विचारणा करते, की या खात्यात पैसे आहेत काय, आणि ते द्यावेत काय. बँकेने होकार दिला तरच नोटा बाहेर येतात. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत घातक आज्ञावली शिरवून या वाटेवर आपला तोतया निरोप्या बसविला. बनावट कार्डांच्या विचारणा बँकेच्या मूळ नोंदवहीपर्यंत पोचल्याच नाहीत. तोतया परस्पर 'होय' म्हणत राहिला व यंत्रे पैसे देत राहिली. ग्राहकांच्या खात्यांतून रकमा वजा झाल्या नाहीत. बुडाला तो बँकेचा पैसा.

या प्रकरणापासून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की तोतया निरोप्या नेमका कोठे बसवावयाचा हे कळण्यासाठी यंत्रणेची आतून माहिती असावी लागते. म्हणजेच चोरीच्या आधी टेहळणी होते. ज्या यंत्रात आज काही बिघडलेले दिसत नाही, त्यातही कोणी लपून बसलेला असू शकतो. दुसरी गोष्ट अशी, की आज्ञावली कोठूनही आली, तरी नोटा उचलणारे हात स्थानिक असावे लागतात. थोड्याशा दलालीच्या लोभाने आपले खाते किंवा आपले नाव दुसऱ्यास वापरू देणारे तरुण अशा गुन्ह्यांत सापडतात आणि शिक्षा भोगतात. वरच्या वर्गांतील मुलांस ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे.

पाळतीचे तीन प्रकार

संगणकावरील पाळत एकाच प्रकारची नसते. तिचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात, आणि प्रत्येकावरील उपाय निराळा आहे.

पहिली ती व्यापारी पाळत. आपण काय वाचतो, काय विकत घेतो, कोठे जातो याच्या नोंदी जाहिरातदार व मोठ्या कंपन्या ठेवतात. ती बहुधा आपल्याच न वाचलेल्या संमतीने चालते.

दुसरी ती गुन्हेगारी हेरगिरी. स्पायवेअर म्हणजे हेरगिरी करणारी आज्ञावली. ती यंत्रात चोरून शिरते, टंकलेखनाची अक्षरे टिपते, संदेश वाचते, प्रसंगी कॅमेरा व ध्वनिग्राहकही चालू करते आणि हे सारे आपल्या धन्याकडे पाठविते.

तिसरी ती ओळखीच्या माणसाची पाळत. घरातील अथवा परिचयातील एखादी व्यक्ती थोडा वेळ मोबाईल हाती घेऊन त्यात लपलेले ॲप घालते आणि मग दुसऱ्याचे संदेश व ठावठिकाणा पाहत राहते. या प्रकाराची चर्चा क्वचितच होते. परंतु स्त्रिया व वयात येणारी मुले यांना त्याचा फार जाच होऊ शकतो.

कुकी म्हणजे काय?

व्यापारी पाळतीचे मुख्य साधन म्हणजे कुकी. ती काही आज्ञावली नव्हे. संकेतस्थळाने आपल्या संगणकात ठेवलेली ती एक छोटी चिठ्ठी असते. १९९४ साली नेटस्केप या कंपनीतील लू माँटुली यांनी ही युक्ती काढली. संकेतस्थळास आलेला पाहुणा ओळखता येत नसे; प्रत्येक पान उघडताना तो नवाच वाटे. त्यामुळे खरेदीसाठी निवडलेल्या वस्तू लक्षात ठेवण्याची सोय नव्हती. चिठ्ठीवरील क्रमांकाने ती अडचण दूर झाली. एवढ्यापुरती कुकी निरुपद्रवी, किंबहुना उपयुक्तच आहे.

पाळत सुरू होते ती तिऱ्हाइताच्या चिठ्ठीने. मुलांस हे समजावून सांगण्यासाठी महाद्वार रोडचे उदाहरण घ्यावे. समजा, तेथील प्रत्येक दुकानाच्या दारात एकाच जाहिरात-कंपनीचा माणूस बसला आहे. गिऱ्हाइकास पहिल्या दुकानात शिरताना त्याने एक बिल्ला दिला. गिऱ्हाईक पुढे चपलांच्या दुकानात गेले, औषधांच्या दुकानात गेले, पुस्तकांच्या दुकानात गेले; दारातील माणसाने प्रत्येक ठिकाणी बिल्ल्याचा क्रमांक टिपून घेतला. त्याने नाव विचारले नाही की पत्ता विचारला नाही. तरीही संध्याकाळी सर्व वह्या एकत्र केल्या, की या घरी मधुमेहाचा रुग्ण आहे, पाचवीतले मूल आहे आणि हाती पैसा बेताचाच आहे, हे त्या कंपनीस कळून चुकते. एका दुकानदारास जे ठाऊक असते त्यात वावगे काही नाही. वेगवेगळ्या ठिकाणची माहिती एकत्र जुळविली जाते, तेव्हा माणसाचे खाजगी जीवन उघडे पडते.

बिल्ला फेकून दिला, म्हणजे कुकी पुसून टाकल्या, तरी पाळत पूर्णपणे थांबतेच असे नाही. पडद्याचा आकार, अक्षरवळणे, भाषा, घड्याळाची वेळ इत्यादी खुणांच्या जुळणीवरूनही यंत्र ओळखता येते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासलेल्या ब्राउझरांपैकी दर दहांत आठांहून अधिक केवळ अशा खुणांवरून वेगळे ओळखू आले होते.

ब्राउझरमधील 'खाजगी खिडकी'विषयीही गैरसमज आहे. ती खिडकी बंद केली म्हणजे आपल्या संगणकावरील नोंद पुसली जाते, त्यामुळे त्याच संगणकावर मागून बसणाऱ्यास ती दिसत नाही. मात्र संकेतस्थळास व इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस आपला प्रवास दिसू शकतो. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० साली गूगलवर दावा झाला होता. २०२४ मध्ये तो मिटविताना त्या कंपनीने अशा खिडक्यांतून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

मोबाईलवरील ॲपच्या बाबतीत परवानगी हा कळीचा शब्द आहे. मोबाईलचा दिवा लावणाऱ्या एका लोकप्रिय विजेरी-ॲपचे प्रकरण यासंबंधी बोलके आहे. हे ॲप कोट्यवधी लोकांनी घेतले होते. ते वापरणाऱ्याचा ठावठिकाणा जाहिरातदारांना पुरवीत असल्याचे उघडकीस आले व अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये त्याच्या कर्त्यावर कारवाई केली. दिवा लावण्यास ठावठिकाणा कशास हवा, हा प्रश्न सहावीतील मूलही विचारू शकते. तो विचारण्याची सवय लावणे हाच या पाठाचा गाभा आहे.

स्पायवेअर आत कसे शिरते?

किल्ला तोफांनी पडण्यापेक्षा फितुरीने अधिक लवकर पडतो, हे पन्हाळा, विशाळगड यांच्या परिसरातील मुलांना इतिहासाच्या पाठातून ठाऊक असते. संगणकाचेही तसेच आहे. बहुतेक वेळा दार आतून उघडले जाते. अशी चार दारे ध्यानात ठेवावीत.

पहिले दार म्हणजे अनोळखी फाईल व दुवे. २०२४ च्या सुमारास देशातील अनेक राज्यांच्या पोलिसांनी एका नव्या युक्तीबद्दल लोकांस सावध केले. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते. ती चित्र नसून 'एपीके' प्रकारची फाईल, म्हणजे एक ॲपच असते. पत्रिका पाहण्यासाठी बोट ठेवले, की ते ॲप मोबाईलमध्ये बसते, संदेश वाचण्याची परवानगी मागते, बँकेकडून आलेला ओटीपी परस्पर चोराकडे पाठविते. वाहनाच्या दंडाची पावती, बँकेची नोटीस, सरकारी योजनेची यादी अशा रूपांतही हीच फाईल येते. ओळखीच्या माणसाकडून आली म्हणूनही ती सुरक्षित ठरत नाही. त्याचा मोबाईल आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

दुसरे दार म्हणजे फुकटची चोरटी आज्ञावली. कित्येक शाळांत व घरांत विकत घ्यावयाची आज्ञावली 'कुलूप तोडून' वापरली जाते. कुलूप तोडणाऱ्याने आत काय ठेवले आहे, हे कोणास ठाऊक? मराठी टंकलेखनासाठी तर अशा चोरट्या आज्ञावलीची गरजच उरलेली नाही. युनिकोड पद्धतीचा मराठी कळफलक विंडोज, लिनक्स व अँड्रॉइड या तिन्ही प्रणालींत मोफत मिळतो.

तिसरे दार म्हणजे जुनी, दुरुस्त न केलेली प्रणाली. प्रत्येक आज्ञावलीत काही उणिवा राहून जातात. कंपनी त्या शोधून दुरुस्ती पाठविते. दुरुस्ती न घेणाऱ्याच्या घराची खिडकी उघडीच राहते. २०१९ मध्ये पेगासस या स्पायवेअरच्या साहाय्याने जगातील सुमारे १,४०० मोबाईलांवर हल्ला झाला. त्यांत भारतातील काही व्यक्तींचाही समावेश होता. व्हॉट्सॲपच्या कॉलच्या सोयीतील उणिवेतून तो शिरला. मोबाईलधारकाने कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने ही उणीव दुरुस्त केली, आणि ॲप अद्ययावत करणाऱ्यांस ते दार बंद झाले. असली महागडी हत्यारे सामान्य माणसावर सहसा वापरली जात नाहीत. परंतु दुरुस्ती वेळेवर घेण्याचे महत्त्व यावरून पटावे.

चौथे दार म्हणजे हाती लागलेले यंत्र. कुलूप नसलेला मोबाईल, शाळेच्या टेबलावर उघडा राहिलेला संगणक, कोणाकडूनही घेऊन जोडलेला पेन ड्राईव्ह, ही या दाराची नेहमीची रूपे होत.

शाळेवरील विशेष जबाबदारी

शिक्षक हा स्वतःच्या माहितीचा धनी असतोच. परंतु त्याखेरीज तो शेकडो मुलांच्या माहितीचा राखणदारही असतो. राज्यात २०१५ पासून 'सरल' प्रणालीत आणि पुढे 'यू-डायस प्लस'मध्ये विद्यार्थ्यांच्या नोंदी संगणकावर भरल्या जातात. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, जात, पालकांची माहिती, अपंगत्व इत्यादी तपशील शाळेच्या हाती येतात. पूर्वी हे सारे जनरल रजिस्टरात असे आणि रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलुपबंद असे. आज त्याच नोंदींचे छायाचित्र काढून ते व्हॉट्सॲपच्या गटावर टाकले, तर क्षणात पन्नास मोबाईलांत त्याच्या प्रती होतात आणि त्या परत घेता येत नाहीत. रजिस्टर चव्हाट्यावर नेऊन ठेवण्यास जो शिक्षक कधीही धजणार नाही, त्याच्याच हातून घाईगर्दीत हे घडू शकते. मुलाचा आधार क्रमांक व जन्मतारीख आयुष्यभर त्याच्यासोबत राहणार असते. आज झालेल्या हयगयीची झळ त्यास वीस वर्षांनी पोचू शकते.

शैक्षणिक ॲपही डोळे झाकून स्वीकारण्यासारखी नाहीत. करोनाच्या साथीत शाळा बंद असताना जगभरच्या सरकारांनी मुलांसाठी ऑनलाइन साधने सुचविली. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने ४९ देशांतील अशा १६० हून अधिक साधनांची तपासणी करून मे २०२२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी दहांत सुमारे नऊ साधने मुलांच्या हक्कांस बाधक ठरू शकेल अशा रीतीने माहिती हाताळीत असल्याचे तीत दिसून आले. कित्येक साधने मुलांची माहिती जाहिरात-कंपन्यांपर्यंत पोचवीत होती. भारतही त्या देशांत होता. साधन सरकारमान्य आहे एवढ्यावर शिक्षकाने आपली विचारपूस थांबवू नये, असा याचा अर्थ आहे.

रक्षणाचे उपाय

पुढील उपायांना फारसा खर्च लागत नाही. सवय मात्र लागते.

१. मोबाईल, संगणक व ब्राउझर यांच्या दुरुस्त्या आपोआप घेतल्या जातील अशी व्यवस्था ठेवावी. विंडोज १० या प्रणालीस मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या. शाळेतील जो संगणक नव्या प्रणालीस पेलणार नाही, त्यावर उबंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली बसविण्याचा विचार करावा.

२. ॲप केवळ मोबाईलच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावे. संदेशातून आलेली एपीके फाईल कदापि उघडू नये. 'अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवा' ही सोय बंद ठेवावी.

३. ॲपच्या परवानग्या महिन्यातून एकदा तपासाव्यात. गणकयंत्रास संपर्कयादी, विजेरीस ठावठिकाणा, खेळास संदेश वाचण्याची परवानगी लागत नाही. ती काढून घ्यावी. न वापरले जाणारे ॲप काढून टाकावे.

४. परवलीचा शब्द लांब असावा व प्रत्येक ठिकाणी निराळा असावा. मुलाचे नाव, जन्मवर्ष, शाळेचे नाव असले शब्द टाळावेत. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहिल्यास ते ओळखण्यास कठीण व ध्यानात ठेवण्यास सोपे जाते. शाळेचा परवलीचा शब्द फळ्यावर किंवा संगणकाच्या कडेस चिकटविलेल्या चिठ्ठीवर लिहू नये.

५. ईमेल, व्हॉट्सॲप व बँक यांसाठी दुहेरी पडताळणी चालू करावी. परवलीचा शब्द चोरीस गेला तरी दुसरे कुलूप शिल्लक राहते. ओटीपी कोणासही सांगू नये. बँकेचा अधिकारी तो विचारीत नसतो.

६. ब्राउझरमध्ये तिऱ्हाइताच्या कुकी अडविण्याची सोय असते, ती चालू करावी. फायरफॉक्स व सफारी या ब्राउझरांत पाळत रोखण्याची काही व्यवस्था मुळातच असते. संकेतस्थळ कुकींविषयी विचारते, तेव्हा 'सर्व मान्य' याऐवजी 'आवश्यक तेवढ्याच' हा पर्याय निवडावा.

७. सार्वजनिक संगणकावर किंवा नेट कॅफेत बँकेचे अथवा विद्यार्थ्यांच्या नोंदींचे काम करू नये. अगदी निरुपाय झाल्यास काम होताच खात्यातून बाहेर पडावे, उतरवून घेतलेल्या फाईल पुसाव्यात आणि घरी आल्यावर परवलीचा शब्द बदलावा.

८. आधार कार्डाची प्रत मागितल्यास जेथे चालेल तेथे शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्यावी. ती आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर मोफत मिळते.

९. विद्यार्थ्यांच्या याद्या व कागदपत्रे गटावर न टाकता संबंधित अधिकाऱ्याकडे ठरलेल्या प्रणालीतूनच पाठवाव्यात. मुलांची छायाचित्रे प्रसिद्ध करण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी व छायाचित्राखाली पूर्ण नाव घालू नये.

१०. महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी आणि ती संगणकास सतत जोडलेली नसावी.

घात झाल्यास काय करावे?

मोबाईल अकारण तापणे, बॅटरी व डेटा भराभर संपणे, आपण न पाठविलेले संदेश जाणे, न घेतलेले ॲप दिसणे ही संशयाची लक्षणे होत. त्यांवरून स्पायवेअर आहेच असे ठरत नाही. तथापि तपासणी करावी. अनोळखी एपीके उघडली गेल्याचे ध्यानात आल्यास प्रथम मोबाईलचे इंटरनेट व सिमचे जाळे बंद करावे, म्हणजे पुढील ओटीपी चोरापर्यंत पोचणार नाहीत. मग दुसऱ्या मोबाईलवरून बँकेस कळवून खाते व कार्ड थांबवावे आणि परवलीचे शब्द बदलावेत. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. जितकी तक्रार लवकर, तितकी रक्कम वाटेतच अडविली जाण्याची शक्यता अधिक. तक्रार गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर व पोलीस ठाण्यातही करता येते. संदेश व क्रमांक यांची चित्रे पुरावा म्हणून जपून ठेवावीत. संगणक स्वच्छ करण्याची मोफत साधने केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडून मिळतात. हे केंद्र २०१७ साली सुरू झाले. ओळखीच्या माणसाने पाळत ठेवल्याचा संशय असल्यास मात्र ॲप घाईने पुसू नये. त्याने पुरावा नष्ट होतो आणि पाळत ठेवणारा सावध होतो. आधी विश्वासू माणसाचा व पोलिसांचा सल्ला घ्यावा.

फसलेल्या माणसास हसू नये, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. लाजेपायी तक्रार राहते व चोर निसटतो. मुलाकडून चूक झाल्यास ते प्रथम आपल्याकडे येईल, असा विश्वास शिक्षकांनी व पालकांनी निर्माण केला पाहिजे. मार बसेल या धाकाने लपविलेली चूक एका दिवसात दहापट होते.

कायद्याचा आधार

खाजगीपणा हा श्रीमंतांचा शौक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने दि. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात तो प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने अमलात आणावयाचे आहेत. या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती मूल समजली जाते. तिची माहिती घेण्यापूर्वी पालकाची पडताळलेली संमती घ्यावी, तिच्यावर पाळत ठेवू नये आणि तिला लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, असे त्यात सांगितले आहे. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कार्य व मुलांची सुरक्षितता यांपुरती काही सवलत आहे. ती सवलत मुलांच्या कामासाठी आहे, निष्काळजीपणासाठी नाही. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरणे व त्यातील माहिती चोरणे हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये गुन्हा आहे.

वर्गात घ्यावयाच्या कृती

संगणक नसलेल्या शाळेतही हा पाठ शिकविता येतो.

बिल्ल्याचा खेळ : वर्गातील पाच कोपऱ्यांत पाच 'दुकाने' मांडावीत. प्रत्येक मुलास क्रमांकाचा बिल्ला द्यावा व त्याने तीन दुकानांस भेट द्यावी. दुकानदार मुलांनी फक्त क्रमांक टिपावा. शेवटी पाचही याद्या एकत्र करून बिल्लाधारकाविषयी काय काय कळते, हे मुलांनीच सांगावे.

परवानगीची पंचाईत : एक मूल 'ॲप' होते आणि परवानग्या मागते, वर्ग पंचांचे काम करतो. 'मी नकाशा आहे, मला तुमचा ठावठिकाणा हवा', 'मी चित्रे रंगविणारे ॲप आहे, मला तुमचे संदेश वाचावयाचे आहेत', अशा मागण्यांवर पंचांनी कारण देऊन होय किंवा नाही असा निवाडा द्यावा.

घरचा अभ्यास : मुलाने घरातील मोठ्या माणसाशेजारी बसून, त्यांच्या संमतीने, एका मोबाईलमधील ॲपच्या परवानग्या पाहाव्यात व अनावश्यक वाटलेल्या तीन परवानग्यांची यादी करून आणावी. ज्या आजीआजोबांस स्वतःस वाचता येत नाही, त्यांस मुलाने संदेश वाचून दाखवावा. मात्र ओटीपी कोणासही मोठ्याने वाचून दाखवू नये, ही सूचना द्यावी.

शिक्षकांनी एक पथ्य पाळावे. मुलांच्या मनात यंत्राविषयी भीती उत्पन्न करू नये. इंटरनेटने दुर्गम वाडीतील मुलापुढेही ज्ञानाचे मोठे भांडार उघडले आहे आणि ते त्यास मिळालेच पाहिजे. विहिरीत बुडण्याचा धोका असतो म्हणून कोणी पाणी भरणे सोडीत नाही. विहिरीस कठडा बांधतात आणि मुलास पोहावयास शिकवितात.

स्वाध्याय

१. एका संकेतस्थळाची कुकी व तिऱ्हाइताची कुकी यांत फरक काय? बाजाराचे उदाहरण घेऊन सांगा.
२. कॉसमॉस बँकेच्या प्रकरणात एटीएम यंत्रांनी बनावट कार्डांवर पैसे का दिले?
३. मामाच्या क्रमांकावरून लग्नपत्रिकेची फाईल आली आहे. ती उघडण्यापूर्वी तुम्ही काय कराल?
४. शाळेच्या गटावर विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांची यादी आली आहे. ती का टाकू नये, आणि आता काय करता येईल?
५. 'खाजगी खिडकी' कोणापासून लपविते व कोणापासून लपवीत नाही?
६. घरातील मोबाईलवर 'मान्य आहे' म्हणण्यापूर्वी विचारावेत असे तीन प्रश्न तयार करा व ते वर्गात फलकावर लिहा.